कॅमेरा बसवण्याआधी तो सुटेल कसा, ते ठरवा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात अभियंता आहे. गेल्या दोन वर्षांत सुट्ट्या जमवून थायलंड आणि हरियाणातील नारनौल येथे मिळून मी स्कायडायव्हिंगच्या ६२ उड्या पूर्ण केल्या असून माझ्याकडे युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन या अमेरिकन संघटनेचा ‘बी’ परवाना आहे. नुकतेच मी संपूर्ण चेहरा झाकणारे, म्हणजे फुल-फेस हेल्मेट घेतले. त्यावर गोप्रोसारखा लहान व्हिडिओ कॅमेरा बसवायचा आहे. तो माथ्यावर बसवावा, कानाच्या बाजूला की हनुवटीवर? कॅमेऱ्याबरोबर आलेला चिकटपट्टीचा माउंट, म्हणजे कॅमेरा धरणारा आधार, पुरेसा होईल, की हेल्मेटला भोके पाडून स्क्रूने आवळावे? आमच्या कारखान्यात थ्रीडी प्रिंटर आहे, त्यामुळे हवा तसा भाग मी स्वतः तयार करू शकतो.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्या पत्रात कॅमेरा घट्ट कसा बसेल याची चौकशी तीन अंगांनी केलेली आहे, पण वेळ आली तर तो सुटेल कसा, हे एकदाही विचारलेले नाही. पहिला कॅमेरा बसवताना मीही ते विचारले नव्हते, त्यामुळे आपल्याला दोष देत नाही. मात्र उत्तर त्याच टोकापासून सुरू करतो, कारण जागा, चिकटपट्टी आणि स्क्रू या तिन्ही गोष्टींचा निर्णय त्यावरूनच ठरतो.

पॅराशूट उघडताना काय घडते ते नजरेसमोर आणावे. पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी ठेवलेले छोटे पायलट पॅराशूट आपण हवेत फेकतो. त्याला जोडलेली लांब पट्टी मुख्य पॅराशूटची घडी बाहेर ओढते, दोऱ्या ताणल्या जातात आणि मग कापड फुगू लागते. हे सारे मानेच्या आणि डोक्याच्या मागून वर जाते, आणि दोऱ्यांचे जुडगे खांद्यांवरच्या रायझरना, म्हणजे जाड पट्ट्यांना, जोडलेले असल्यामुळे आपले डोके त्यांच्या अगदी मधोमध येते. शरीर पोटावर सपाट आणि स्थिर असेल तर यातले काहीही डोक्याला शिवत नाही. शरीर कलंडलेले असेल किंवा गिरकी घेत असेल, तर मात्र पट्टी किंवा दोरी डोक्याजवळून जाते, आणि तेथे कॅमेऱ्याचा कोपरा, माउंटमागची फट किंवा डोके बाहेर काढून बसलेला एखादा स्क्रू तिची वाट अडवू शकतो.

ही दोरी दिसायला बारीक, जेमतेम दोनेक मिलिमीटर जाडीची असते. पण स्पेक्ट्रा किंवा व्हेक्ट्रानसारख्या धाग्यांपासून बनवलेल्या तिची ताकद २०० किलोहून अधिक असते. ती फटीत अडकली तर तुटत नाही. ओढ बसते ती मानेला. बांधावरच्या बाभळीला धोतराचा सोगा अडकला तर माणूस दोन पावले मागे येऊन तो सोडवतो. येथे मागे येता येत नाही. पोटावर सपाट राहून होणाऱ्या फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीच्या पडण्यात, वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे एक हजार फूट उंची साधारण साडेपाच सेकंदांत संपते. अर्धवट उघडलेल्या पॅराशूटखाली हा हिशेब थोडा सैल होतो खरा, पण फार नाही.

तेव्हा सुटण्याच्या वाटा मोजाव्यात. पहिली वाट म्हणजे कॅमेरा माउंटसह हेल्मेटपासून वेगळा होणे, आणि दुसरी म्हणजे हेल्मेटच डोक्यावरून निघणे. जुन्या पद्धतीच्या उघड्या तोंडाच्या हेल्मेटला हनुवटीखालचा पट्टा सुटला की वारा ते स्वतःच उचलून नेतो. फुल-फेस हेल्मेटचे तसे नाही. त्याचा खालचा भाग जबड्याखाली वळलेला असतो आणि अनेक नमुन्यांत मानेमागचा ताण सैल केल्याशिवाय ते हलतही नाही. आपण ते जमिनीवर आरशासमोर दोन्ही हातांनी, मान वाकवून, सावकाश काढत असणार. आता हातमोजे घालून, डोळे मिटून, आधी फक्त उजव्या आणि मग फक्त डाव्या हाताने ते काढून पाहावे. दोन-तीन सेकंदांत निघत नसेल, तर त्या हेल्मेटवर आपल्यापुरती दुसरी वाट बंद आहे असे समजावे आणि पहिल्या वाटेवाचून, म्हणजे हाताने ओढून सुटणाऱ्या माउंटवाचून, कॅमेरा बसवू नये. बाजारात असे माउंट मिळतात: एक पिन किंवा लहान दोरी ओढली की कॅमेरा तळपट्टीसह निखळतो. ती ओढायची जागा सापडायला सोपी हवी, पण स्वतः अडकणारी नको. लोंबणारा फासा केला तर एका अडचणीवर उपाय म्हणून दुसरी अडचण बांधल्यासारखे होईल. याच कारणासाठी, कॅमेरा हरवू नये म्हणून त्याला हेल्मेटशी बांधणारी सुरक्षा-दोरी लावण्याची जी सवय मोटारसायकलवाल्यांत दिसते, ती येथे सर्वस्वी अयोग्य आहे.

सोडण्याचा क्रमही आधीच डोक्यात पक्का असावा लागतो. कॅमेऱ्यात दोरी अडकलेली असताना मुख्य पॅराशूट सोडून दिले, तर रायझर मोकळे होतात, पण ते पॅराशूट आपल्या डोक्याला लटकत राहते आणि राखीव पॅराशूटच्या वाटेत येते. म्हणून आधी कॅमेरा किंवा हेल्मेट, नंतर मुख्य पॅराशूट आणि मग राखीव, असा क्रम धरावा. आपल्या संचात मुख्य पॅराशूट सोडताच राखीव आपोआप ओढणारी पट्टी असेल, तर शेवटच्या दोन पायऱ्यांमधले अंतर आपल्या हाती राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे. ‘बी’ आणि त्यावरच्या परवानाधारकांनी मुख्य पॅराशूट सोडण्याचा निर्णय १,८०० फुटांपर्यंत घेतलेला असावा, असे अमेरिकन संघटना सांगते. कॅमेरा सोडवण्याची सेकंदे त्यात धरलेली नाहीत, असे गृहीत धरून ती आपण वरच्या उंचीतून काढावीत. आपल्या प्रशिक्षकासमोर आपलाच संच पाठीवर घालून हा क्रम बोलून दाखवावा आणि हाताने करून दाखवावा. माझ्या लेखावरून पाठ केलेला क्रम हवेत उपयोगी पडणार नाही.

आता जागेविषयी. माझी पसंती हनुवटीला आहे, पण एका अटीवर. हनुवटीवरचा कॅमेरा नजरेच्या रेषेत पाहतो, उघडताना मागून वर जाणाऱ्या दोऱ्यांपासून तो सर्वांत दूर असतो आणि माथ्यावर उंचवटा राहत नाही. अट अशी की, संच घालून उभे राहून मान खाली घातली असता छातीच्या दोन्ही बाजूंच्या मुठी, म्हणजे मुख्य पॅराशूट सोडण्याची आणि राखीव ओढण्याची, पूर्ण दिसल्या पाहिजेत. कॅमेऱ्याच्या आडोशाने त्यांपैकी एक जरी झाकली गेली, तरी ती जागा बाद. शिवाय हेल्मेटची काच पूर्ण वर जाते का, हेही तपासावे. काचेवर बाफ धरली आणि कॅमेऱ्यामुळे ती उघडेना, तर उतरण्याची जागा शोधणेसुद्धा कठीण होते.

माथ्यावरची जागा चित्रासाठी सोयीची, पण दोऱ्यांच्या सर्वांत जवळची. तेथे बसवायचाच असेल तर चौकट बुटकी हवी आणि तिच्या पुढे-मागे उतार हवा. कॅमेरा जितका उंच, तितका मानेवरचा तरफेचा भारही अधिक. पॅराशूट नेहमीसारखे उघडते तेव्हाही शरीराला आपल्या वजनाच्या तिपटी-चौपटीचा जोर जाणवतो आणि जोरात उघडले तर त्याहून कितीतरी अधिक. दीडशे ग्रॅमचा कॅमेरा त्या क्षणी मानेला अर्ध्या किलोचा वाटतो, आणि तोही डोक्याच्या टोकावर ठेवलेला.

कानाच्या बाजूची जागा मला स्वतःला अजिबात मानवलेली नाही. सुरुवातीच्या काळात मी कॅमेरा डाव्या बाजूला लावला होता. एका उडीत उघडण्याच्या वेळी माझे डोके किंचित वळलेले होते. रायझर कॅमेऱ्याच्या पाठीवर घासून गेला आणि कॅमेरा चाळीसेक अंशांनी फिरला. इजा झाली नाही. घरी येऊन चित्रफीत पाहिली तर पुढची पाच मिनिटे पडद्यावर फक्त माझा खांदा होता, आणि माउंटच्या कडेवर दोरीने घासल्याचा करडा पट्टा. तो पट्टा पाहून मला जी भीती वाटली, ती हवेत वाटली नव्हती. बाजूचा कॅमेरा विमानाच्या दाराच्या चौकटीवरही आपटतो, आणि वाऱ्याचा दाब एकाच बाजूला पडल्यामुळे मान सतत वळू पाहते. हा दाब किरकोळ नसतो. सात गुणिले पाच सेंटिमीटरचा समोरचा चेहरा धरला, तर ताशी १९० किलोमीटरला त्यावर साधारण अर्ध्या किलोच्या वजनाएवढा जोर येतो. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, डोके खाली करून उडणारे ताशी २७० किलोमीटर गाठतात तेव्हा तो दुप्पट होतो.

हे आकडे मुद्दाम दिले, कारण आपल्या माउंटला दोन मर्यादांच्या मधोमध बसायचे आहे. वाऱ्याच्या या जोराला तो अनेक पट पुरून उरला पाहिजे, नाहीतर चार किलोमीटरवरून सुटलेला कॅमेरा खाली कोणाच्या शेतात, कोणाच्या माथ्यावर पडेल याचा भरवसा नाही. आणि तरीही हाताच्या एका ओढीसरशी तो निघाला पाहिजे. नुसती ‘कमकुवत’ चिकटपट्टी लावून, अडकलीच तर आपोआप सुटेल, असे मानणारे काही जण भेटतात. कोणत्या दिशेने किती ओढ बसल्यावर ती सुटेल हे त्यांच्यापैकी कोणीही मोजलेले नसते.

भोके पाडू नयेत. कवचाची ताकद त्याच्या अखंडपणात असते. भोकाच्या कडेपासून तडा पसरतो, आत शिरलेले स्क्रूचे टोक आदळण्याच्या वेळी कवटीकडे रोखलेले राहते, आणि ज्या मानकानुसार हेल्मेटची आदळ-चाचणी झालेली असते, ती चाचणी आपल्या भोके पाडलेल्या हेल्मेटची नसते. आपल्या हेल्मेटच्या निर्मात्याने त्याच नमुन्यासाठी बनवलेली माउंटची तळपट्टी मिळत असेल, तर थोडे पैसे जास्त घालून तीच घ्यावी. ती कवचाच्या वळणाला धरून ओतलेली असते. घागर डोक्यावर टिकते ती चुंबळीमुळे. येथेही तेच आहे: सपाट माउंट वळणदार कवचावर चिकटवला की तो मध्ये टेकतो आणि कडांना उचललेला राहतो, आणि दोरीला आत शिरायला नेमकी तीच फट पुरते.

चिकटपट्टी लावण्यापूर्वी कवच कशाचे आहे ते पाहावे. पॉलिकार्बोनेट असेल तर ॲसिटोन, थिनर किंवा पेट्रोलने कधीही पुसू नये; त्याने सूक्ष्म तडे जातात आणि ते लगेच दिसतही नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. कवच फायबरग्लास किंवा कार्बनचे रंगवलेले असेल, तर चिकटपट्टी कवचाला नव्हे, तर रंगाला धरते. रंगाचा पापुद्रा सुटत असेल तर उत्तम चिकटपट्टीही त्याच्यासह निघून येईल. फेसयुक्त ॲक्रिलिक चिकटपट्टी घट्ट दाबून लावावी आणि किमान २४ तास तिला हात लावू नये. पूर्ण पकड यायला सुमारे तीन दिवस लागतात. ज्या सकाळी उडी, त्याच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत माउंट चिकटवणारे मी पाहिले आहेत.

कडांची फट बुजवायला आपल्याकडे नळजोडणीला वापरतात ते एम-सील चांगले काम देते. ते दाबून, ओल्या बोटाने उतार काढून, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासावे. मात्र सोडण्याचा माउंट असेल तर ते फक्त कवचावर चिकटलेल्या तळपट्टीभोवती लावावे. सुटणाऱ्या भागावर चढले तर सुटण्याची वाट आपणच लिंपून टाकाल.

थ्रीडी प्रिंटरचा मोह मी समजू शकतो, आणि उताराच्या कडा किंवा कॅमेऱ्यामागची पाचर बनवायला तो उपयोगीही आहे. परंतु छपाईचे पीएलए हे प्लास्टिक वापरू नये. ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात आपल्या भागात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत डॅशबोर्डजवळ तेवढी उष्णता सहज होते. सकाळी नेटका असलेला माउंट दुपारी वाकलेला सापडेल. पीईटीजी किंवा एएसए घ्यावे. छापील भाग थरांच्या सांध्यावर तुटतो हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही, पण ओढ त्या सांध्याला आडवी येणार नाही अशी छपाईची दिशा ठेवावी. भार वाहणारा आणि सुटणारा भाग घरचा न करता विकतचाच घ्यावा, असे मी सुचवेन. चुकलेल्या छपाईचा कचरा कारखान्यात टोपलीत जातो, येथे तो आपल्या मानेवर असतो.

सगळे झाल्यावर एक चाचणी करावी, जिला पैसा लागत नाही. दोन मिलिमीटरची नायलॉनची दोरी घ्यावी, हेल्मेट कोणाच्या तरी डोक्यावर किंवा उपड्या पातेल्यावर घट्ट बसवावे, आणि दोरीची दोन्ही टोके धरून ती मागून पुढे, खालून वर, तिरपी, अशी सर्व दिशांनी कॅमेऱ्यावरून ओढत न्यावी. जेथे ती क्षणभरही थबकते, तेथे काम बाकी आहे. कॅमेऱ्याच्या बिजागरीतला प्लास्टिकचा लांब स्क्रू बहुतेक वेळा पहिला दोषी ठरतो. त्याच्या जागी बुटक्या डोक्याचा स्क्रू घालावा. आकाराने मोठी वस्तू तेवढी धोकादायक, असे समजू नये. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमधील पट्टाया येथे नऊवारी नेसून उडी घेतली होती. नऊ वारही विमानातून नेता येतात, फक्त एकही कड मोकळी सोडता येत नाही.

राहिला प्रश्न आपल्या ६२ उड्यांचा. पुढच्या पत्रात एका आईने तोच मुद्दा आपल्यापेक्षा नेमकेपणाने विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर तेथे वाचावे.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि त्याला विमानातून उड्या मारण्याचा छंद लागला आहे. त्याच्या चाळीसेक उड्या झाल्या. आता त्याला हेल्मेटवर कॅमेरा लावायचा आहे, पण त्याचे प्रशिक्षक दोनशे उड्या होईपर्यंत थांब म्हणतात. मुलगा म्हणतो, ‘आई, दीडशे ग्रॅमच्या डबीने काय होते?’ मला त्यातले काही कळत नाही. पण प्रशिक्षकांचे म्हणणे खरे वाटते. त्याला काय सांगू?
— एक आई, उदगीर

उत्तर : ताई, आपल्याला कळत नाही असे मला वाटत नाही. प्रशिक्षक म्हणतात तो आकडा त्यांच्या मनचा नाही. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन या संघटनेची शिफारस अशी आहे की, कॅमेरा घेऊन उडी घेणाऱ्याकडे ‘सी’ परवाना असावा, आणि त्या परवान्यासाठी किमान २०० उड्या लागतात. शिवाय ज्या पॅराशूटवर कॅमेरा घेऊन उडायचे, त्याच संचावर अलीकडच्या किमान ५० उड्या झालेल्या असाव्यात, असेही ती म्हणते. या दुसऱ्या अटीकडे तरुण मंडळी सहसा लक्ष देत नाहीत. आपले पॅराशूट उघडताना कसे वागते, कोणत्या बाजूला ओढते, किती वेळ घेते, हे शरीराला इतके ओळखीचे झालेले असावे की त्याविषयी वेगळा विचार करावा लागू नये, असा तिचा हेतू आहे.

चिरंजीवांचा युक्तिवाद वजनाचा आहे, आणि वजनापुरता तो खराही आहे. आता ३५ ग्रॅमचे कॅमेरेसुद्धा मिळतात. अडचण अशी की, कॅमेरा हाताला हलका झाला तरी मनाला हलका होत नाही. चाळीस उड्या झालेल्या माणसाला बाहेर पडल्यापासून उघडेपर्यंत जेमतेम पाऊण ते एक मिनिट मिळते. त्यात उंची पाहणे, शरीर स्थिर ठेवणे, आजूबाजूच्यांपासून अंतर राखणे आणि ठरलेल्या उंचीला हात मागे नेणे, एवढी कामे असतात, आणि ती अजून अंगवळणी पडलेली नसतात. तेथे कॅमेरा आला की दाराशी कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला का हे पाहण्यात पहिले लक्ष जाते, आणि नंतर मित्र चौकटीत यावा म्हणून त्याच्यामागे जाण्यात दुसरे. पाठलाग करणाऱ्याचे डोळे मित्रावर असतात, मनगटावरच्या उंचीमापकावर नसतात.

हे केवळ नवख्यांचेच होते असेही नाही. एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात ८०० हून अधिक उड्यांचा अनुभव असलेला एक छायाचित्रकार दुसऱ्यांचे चित्रीकरण करण्यासाठी विमानातून बाहेर पडला, आणि पॅराशूट न घालताच बाहेर पडला. त्याच्या पाठीवर चित्रीकरणाच्या यंत्राचे ओझे होते आणि तेच पॅराशूट आहे असा त्याचा समज झाला असावा, असे तेव्हा मानले गेले. हा प्रसंग मुलाला घाबरवण्यासाठी सांगू नये. अनुभवी माणसाचेही लक्ष कॅमेरा किती पूर्णपणे गिळू शकतो, एवढ्यापुरताच सांगावा.

आणखी एक गोष्ट त्याला सांगता येईल. उड्यांचे हवेत चित्रीकरण करणारे अमेरिकन कार्ल बोनिश यांच्या पिढीतले छायाचित्रकार फिल्मचे जड कॅमेरे हेल्मेटवर आवळून उडत. त्या ओझ्याने मान दुखे, पण डोक्यावर काही आहे याचा विसर पडणे शक्य नव्हते, आणि मुळात एवढा खटाटोप करणारे लोक भरपूर अनुभव गाठीशी बांधूनच तेथवर येत. आजची डबी खिशात मावते, बसवायला दहा मिनिटे लागतात. त्यामुळे दोनशे उड्यांची वाट पाहण्याचे कारण तिच्याकडे पाहून कोणालाच पटत नाही. माझ्या मते धोका वाढला आहे तो या लहानपणामुळे.

तोवर त्याला आठवणी हव्या असतील, तर अनुभवी कॅमेरामन सोबत घेऊन उडी घ्यावी. स्वतःच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यात स्वतः कधीच दिसत नाही, हे एवढ्या गडबडीत मुले विसरतात.

प्रश्न : माझ्याकडे बुलेट चालवताना वापरायचे चांगले, आयएसआय खुणेचे फुल-फेस हेल्मेट आहे. त्यावर कॅमेराही बसवलेला आहे. तेच स्कायडायव्हिंगला चालेल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : चालणार नाही. आयएसआय खूण असलेले दुचाकीचे हेल्मेट आयएस ४१५१ या मानकाचे असते, आणि ते रस्त्यावर आदळण्यासाठी बनवलेले असते. त्याचे वजन बहुधा सव्वा ते दीड किलो भरते. पॅराशूट उघडतानाचा झटका या वजनासह मानेला सोसावा लागतो. त्याचा हनुवटीचा भाग पुढे आलेला असल्यामुळे छातीवरच्या मुठी नीट दिसत नाहीत, बाजूचे दिसणे कमी होते, उंची सांगणारे कानाजवळचे बीपर ठेवायला त्यात जागा नसते आणि वायुवीजनाच्या झडपा, काचेची कळ, दुहेरी कड्यांचा पट्टा अशा अडकणाऱ्या जागा त्यावर पुष्कळ असतात. कॅमेराही, आपण सांगता त्यावरून, रस्त्याच्या हिशेबाने पक्का बसवलेला असणार, म्हणजे सुटू नये असाच. हेल्मेट बुलेटसाठीच राहू द्यावे. स्कायडायव्हिंग केंद्रावर पहिल्या उड्यांसाठी हेल्मेट भाड्याने किंवा शुल्कातच मिळते.

प्रश्न : मी जानेवारीत उत्तर भारतात उड्या घेणार आहे. माझ्या २६० उड्या झाल्या आहेत आणि कॅमेरा हनुवटीवर आहे. थंडीत बॅटरी आणि काच यांची काय काळजी घ्यावी? नांदेडहून विमानाने जाताना बॅटऱ्या कशा न्याव्यात?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : उंची वाढली की हवा दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. १३,००० फूट म्हणजे सुमारे चार किलोमीटर, तेव्हा जमिनीवर ८ अंश असले तर वर उणे १८ अंशांच्या आसपास समजावे. आपल्याकडच्या एप्रिलात हाच हिशेब ३८ वरून १२ वर येतो, त्यामुळे नांदेडकराला पहिल्या थंड उडीत बॅटरी अचानक दगा देते याचे नवल वाटते. बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि विमान चढत असताना कॅमेरा बंद ठेवून बॅटरी कपड्याच्या आत, अंगाच्या उबेला ठेवावी; दहा हजार फुटांच्या आधी ती घालून, झाकण बंद झाल्याची खात्री बोटाने करून घ्यावी. कॅमेरा दार उघडण्यापूर्वी सुरू करावा आणि सुरू झाल्याची खूण मित्राला पाहायला सांगावी, स्वतः हेल्मेट काढून पाहू नये. सुरू झाला नसेल तर ती उडी कॅमेऱ्याविना घ्यावी. दारात उभे राहून बटण चाचपत बसू नये.

बाफ काचेच्या आतून धरते, श्वासामुळे. चढतीत काच किंचित उघडी ठेवावी, आणि हनुवटीच्या कॅमेऱ्याने श्वास बाहेर जाण्याच्या झडपा झाकल्या आहेत का हे तपासावे, कारण नेमकी तीच चूक या जागेत सहज होते. परत खाली आल्यावर थंड कॅमेरा गरम खोलीत लगेच उघडू नये; पिशवीत बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्यावा, म्हणजे भिंगाच्या आत ओल धरत नाही.

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, आत जमा करायच्या बॅगेत नाही. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून त्या वेगवेगळ्या ठेवाव्यात. आणि हनुवटीचा माउंट हेल्मेटवर तसाच ठेवून हेल्मेट बॅगेत कोंबले जाणार असेल, तर पोहोचल्यावर पहिल्या उडीआधी सोडण्याची पिन पाच-सहा वेळा ओढून पाहावी. प्रवासात दबून ती अनेकदा घट्ट होते.